थंडीला दोष देऊ नका

निफाडच्या पट्ट्यात पारा पाच अंशांकडे घसरला की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि त्याच आठवड्यात परसातली खुराडी प्लास्टिकमध्ये गुंडाळली जातात. पंधरा दिवसांत कोंबड्या घुरघुरायला लागतात, दोन-चार दगावतात आणि मालक सांगतो, 'थंडीनं गेल्या.' साफ खोटं आहे हे. कोंडल्यामुळं गेल्या त्या, आणि कोंडलं तुम्ही.

कोंबडीच्या अंगात ४१ अंशांची ऊब असते. पिसं फुलवली की त्यांच्या थरात हवा अडकते, ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. पाय पोटाखाली आणि चोच पंखात घेऊन धडधाकट मोठी कोंबडी आपल्याकडची कुठलीही रात्र काढते. अट एवढीच, की अंग कोरडं हवं आणि वाऱ्याचा झोत थेट अंगावर नको. डॉ. प्रिन्स वुड्स यांनी १९२४ साली अमेरिकेत, जिथं हिवाळ्यात भांड्यातलं पाणी गोठतं, पुढची बाजू उघडी ठेवलेल्या खुराड्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या आज्यांनी पुस्तक न वाचता बांबूचं डालगं वापरलं, त्याच्या विणीतून रात्रभर हवा खेळायची. आणि आपण? गाडीवर टाकायची ताडपत्री आणून चारही बाजू खिळ्यांनी ठोकून टाकतो.

एकदा त्या ताडपत्रीच्या आत पहाटे डोकं घालून बघा. उभ्यानं नको, गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन. डोळे चुरचुरतील, घशात ठसका लागेल. तो अमोनिया. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते तुसात मुरतं, वाफ वर जाऊन प्लास्टिकला थेंब धरतात आणि पुन्हा खाली टपकतात. ओल्या तुसात विष्ठा कुजते आणि वायू सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांवर अमोनिया गेला की कोंबडीच्या श्वासनलिकेचं आतलं अस्तर बिघडतं, डोळे सुजतात, मग कुठलाही जंतू सुखानं आत शिरतो. तुम्हाला दोन मिनिटं सोसवत नाही, तिथं ती बारा तास बसलेली असते. याला काळजी म्हणायचं?

पडदा लावाच, पण बारदानाचा, आणि खालून वर. झोपायच्या दांडीच्या उंचीपर्यंत वारा अडला पाहिजे आणि छपराखालची फूटभर जागा उघडी राहिली पाहिजे, रात्रीसुद्धा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. वरून घट्ट बांधतात आणि खाली फट सोडतात, म्हणजे गार वारा पायांवर आणि घाण हवा डोक्यावर. ऊन आलं की पडदा गुंडाळायचा. जमिनीवर चार बोटं तूस, ते दिवसाआड खालीवर करायचं, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं उचलून टाकायचं. मूठभर तूस घट्ट आवळून सोडा. गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे. एवढी परीक्षा करायला कुणाची डिग्री लागत नाही.

व्हिडिओ बघून मोठ्या कोंबड्यांवर २५० वॅटचा तांबडा दिवा टांगणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, काढा तो. खाली पाचट, वर तापलेला दिवा, मध्ये उंदरांनी कुरतडलेली वायर. आगीला आणखी काय हवं? शिवाय गावात वीज मध्यरात्री जाते. उबेला सवकलेल्या कोंबडीला मग अचानक आलेला गारठा सोसत नाही. कोळशाची शेगडी ठेवून दार लावणं त्याहून वाईट, त्यात कार्बन मोनॉक्साइडनं सगळं खुराडं एका रात्रीत संपतं.

घुरघुर सुरू झाली की पाण्यातून द्यायचं अँटिबायोटिक गळ्यात मारणारे दुकानदारही तितकेच दोषी. तूस ओलं आहे का, पडदा कसा बांधलाय, एक शब्द विचारत नाहीत. बाटली खपते, रोगाचं कारण जागच्या जागी राहतं.

थंडी खरोखर मारते ती पिल्लांना, आणि माझा सगळ्यात मोठा राग इथं आहे. जानेवारीच्या सकाळी मोटरसायकलला पुठ्ठ्याची खोकी बांधून एक दिवसाची पिल्लं गावोगाव विकली जातात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढं दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. बाहेर सात अंश असताना हा फरक कुठून भरून काढायचा, हे विकणारा सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, 'स्वयंपाकघरात ठेवा, काही होत नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लांचा ढीग होता. वरची जिवंत, खालची चेंगरून गेलेली. पिल्लं गारठली की एकमेकांखाली घुसतात. त्या बाईनं पैसे बचत गटातून उचलले होते.

घ्यायचीच असतील तर पिल्लं यायच्या आदल्या दिवशी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची बल्बची जागा, पेटवून ठेवा, पिल्लामागे दोन वॅट धरून बल्ब लावा, वीज गेली तर काय हे आधी ठरवा. मग पिल्लांकडेच बघा. बल्बखाली कोंडाळं केलं तर ऊब कमी, चोच उघडून कडेला पळाली तर जास्त, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरोबर. घरात खुडूक कोंबडी असेल तर रात्री अंधारात तिच्या पंखाखाली पिल्लं सारा, मोजकीच. ती स्वीकारते का हे सकाळी बघा.

पण पहिल्यांदाच पाळणाऱ्यानं हिवाळ्यात एक दिवसाची पिल्लं घ्यायचीच कशाला? आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या. महाग पडतात, पण अंगावर पिसं असतात. आणि मोटरसायकलवाला दारात आला तर खोकं उघडण्याआधी विचारा, राणीखेत रोगावरची लासोटाची लस कधी द्यायची आणि वीज गेली तर ऊब कशानं द्यायची. दोन्ही उत्तरं आली नाहीत तर त्याला दारातूनच परत पाठवा, आणि शेजारणीलाही तसंच सांगा.