पाकिटातला अहवाल आणि चार दिवसांची झोप

माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि उपचार ठरवण्यापूर्वी तिचा पेट स्कॅन करण्यात आला. अहवालाचे पाकीट काउंटरवर मावसभावाच्या हाती पडले. त्याने ते एसटी स्टँडवरच फोडले. छातीतल्या लसिका ग्रंथी ‘उजळल्या’ आहेत एवढे त्याला कळले आणि रोग सगळीकडे पसरला, अशी त्याने मनाशी गाठ बांधली. चार दिवस तो घरी बोलला नाही. पाचव्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "दादा, आता केमो द्यायची तरी कशाला?"

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेली एक प्रकारची साखर शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्या चित्रात उजळ दिसतात. कर्करोगाच्या पेशी ओढतात हे खरे. पण निरोगी मेंदूही ओढतो. ते द्रव्य लघवीवाटे बाहेर पडते म्हणून मूत्राशयही झगझगते. न्यूमोनिया, शस्त्रक्रियेची ताजी जखम, क्षयाच्या गाठी हेही उजळतात. आपल्याकडे क्षय किती आहे हे मी सांगायला नको. मावशीला पूर्वी क्षय होऊन गेला होता, आणि तपासणीच्या फॉर्मवर ते कोणीच लिहिले नव्हते!

अहवालाच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असे शब्द होते. मावसभावाला तो आणखी एक रोग वाटला. रुग्णाची हकिगत आणि इतर तपासण्या यांच्याशी ताडून पाहा, एवढाच त्याचा अर्थ. तो निरोप डॉक्टरांसाठी होता, स्टँडवरच्या मुलासाठी नव्हे. अहवालातल्या ‘एसयूव्ही’ आकड्याचेही तसेच. रक्तातली साखर, इंजेक्शननंतर गेलेला वेळ, यंत्र, यांनुसार तो बदलतो. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

उजळ ग्रंथी म्हणजे कर्करोग नाहीच, असेही कोणी समजू नये. पुष्कळदा तो असतो. मावशीच्या बाबतीत दुर्बिणीतून सुईने नमुना घेतला, त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत.

माझे म्हणणे एवढेच की, असा अहवाल नुसता काउंटरवरून देऊ नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो समोर बसवून मराठीत सांगावा, सोबत चार ओळी मराठीत लिहून द्याव्यात. वेळ नाही, असे माझे व्यवसायबंधू म्हणतील. गर्दी मीही पाहतो. पण घाबरून उपचार सोडलेला रुग्ण पुढे रोग वाढवून येतो, तेव्हा जास्त वेळ जातो. नातेवाइकांनीही जुन्या फिल्म, सीडी जपून न्याव्यात. मधुमेह, क्षय, झालेल्या शस्त्रक्रिया फॉर्मवर आठवणीने लिहाव्यात.

मावशीला हे सारे कळले तेव्हा ती मुलावर रागावली. "दुखणं माझं, आणि कागद तुझ्या पिशवीत?" केमोथेरपी आता सुरू आहे. पाकीट तिच्याच उशाशी असते.