नमुना नीट, तर निदान नीट



श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. गावोगावची गुरे तेथे एकत्र येतात आणि पुन्हा चहूकडे पांगतात. त्यांच्याबरोबर रोगही पांगू शकतो. 2022 साली लंपी चर्मरोगामुळे राज्यातील असे बाजार बंद ठेवावे लागले होते. म्हणून गोठ्यात जनावर दगावले, तर ‘मेले ते गेले’ म्हणून भागत नाही. ते कशाने मेले हे कळले, तर बाकीची वाचतात.

हे शोधण्यासाठी पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पण आलेला तुकडाच कुजलेला असेल, तर सूक्ष्मदर्शक काय दाखवणार? मृत्यूनंतर पेशींतील विकरेच पेशींना विरघळवू लागतात. त्यात गाईम्हशींच्या पोटात आंबण्याची क्रिया चालूच राहते आणि तिच्या उष्णतेने शव लवकर कुजते.

म्हणून पशुवैद्य अवयवाचा सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचा काप घेऊन तो दहापट फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवतात. काप जाड असला, तर द्रावण आत पोहोचण्यापूर्वीच मधला भाग कुजतो. तो गोठवायचाही नाही, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. जंतू वाढवून पाहायचे असतील, तर मात्र फॉर्मॅलिन चालत नाही. त्यात जंतू मरतात. तो नमुना वेगळा, बर्फावर ठेवून पाठवावा लागतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून काळसर रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय घ्यावा व शव मुळीच फाडू नये. हवा लागताच त्याचे जंतू बीजाणू बनवतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. नमुना घेणे हे पशुवैद्याचेच काम आहे.

मग तुमचे काम कोणते? नमुन्यासोबतच्या चिठ्ठीसाठी माहिती देण्याचे. जनावराचे वय किती, लक्षणे कधी दिसली, किती आजारी पडली, कोणते औषध दिले, नवे जनावर कोठून आणले, हे कळले नाही तर तज्ज्ञाला अंधारात चाचपडावे लागते. माझे मत असे, की प्रयोगवही लिहिणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने घरच्या गोठ्याचीही वही ठेवावी. कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाला आहे? रोज दोन ओळी पुरेत. शिक्षकांनीही ती वही प्रयोगवहीइतक्याच आस्थेने तपासावी.