हाकेला दिलेली ओ

आमच्या दोघांपैकी एकाच्या घरी व्हायोलिन आहे आणि एक कुत्रीही आहे. या दोन गोष्टी एका छपराखाली नांदू शकतात काय, हा प्रश्न गेले वर्षभर आमच्या विभागात मधल्या सुट्टीतल्या चहाबरोबर चघळला जातो. गज तारेवर टेकवून षड्ज लांबवला, की ही कुत्री जिथे असेल तिथून उठते, वादकाच्या पायाशी येऊन बसते, मान वर करते, तोंडाचा चंबू करते आणि एक दीर्घ, चढत जाणारा, शेवटी ओघळून खाली येणारा आवाज काढते. गज थांबला की तीही थांबते. जलद तानेला ती प्रतिसाद देत नाही. शेजारच्या खोलीत तबला वाजत असेल तर कूसही बदलत नाही. तिला हवा असतो तो लांबवलेला सूर.

पहिले काही दिवस आम्ही हसलो. घरी येणारे विद्यार्थीही हसले. आमच्या वादनावर तिने केलेली ती समीक्षा आहे, असा विनोद साहजिकच झाला, आणि मराठीच्या प्राध्यापकांनी तो एकमेकांना अनेकदा ऐकवला. मग एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या सूनबाई खाली आल्या. त्यांचे सासरे बरेच महिने अंथरुणाला खिळलेले होते. त्या संकोचाने म्हणाल्या, "सर, राग मानू नका. तुमच्या वाजवण्याचं काही नाही. पण दिवेलागणीला कुत्रं रडतं ना, ते बरं वाटत नाही. सासूबाई फार धास्तावतात."

पुढच्या महिन्यात ते गृहस्थ वारले. आम्हाला कोणी काही बोलले नाही. जिन्यात भेटणारी माणसे पूर्वीसारखीच हसत होती, तरी काहीतरी बोलायचे राहून गेल्याची जाणीव दोन्ही बाजूंना होती. व्हायोलिन पेटीत गेले, ते चार महिने बाहेर आले नाही.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. त्या घरातल्या भीतीला अंधश्रद्धा म्हणून झोडपण्याचा आमचा हेतू नाही. मरणाच्या सावलीत बसलेल्या माणसाला रात्रीचा प्रत्येक आवाज आपल्याशीच बोलतो आहे असे वाटते, आणि त्या वाटण्याला तर्काने उत्तर देणे हा एक प्रकारचा उद्धटपणा आहे. आम्ही अडलो ते दुसऱ्या ठिकाणी. भाषा शिकवणे हा आमचा पोटापाण्याचा उद्योग असल्याने आम्ही एका शब्दापाशी अडलो. तो शब्द म्हणजे 'रडतं'.

कुत्र्याच्या आवाजांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कुत्रे भुंकते, गुरगुरते, केकाटते, विव्हळते. मात्र मान वर करून लांब सूर लावण्याच्या या विशिष्ट क्रियेसाठी निर्विकार असा शब्द शोधू लागलो, तेव्हा हाती लागले ते 'रडणे', 'गळा काढणे', फार तर 'हेल काढणे'. सोबतीला 'भेसूर' हे विशेषण ठरलेलेच. कोल्ह्याच्या बाबतीत 'कोल्हेकुई' हे नाम तरी आहे. पण त्याचाही उपयोग आपण बहुधा विरोधकांच्या भाषणाचे वर्णन करण्यासाठीच करतो. म्हणजे घटना घडण्याआधीच भाषेने निकाल देऊन ठेवला आहे. प्राणी दुःखी आहे, किंवा दुःख आणणार आहे. तिसरी शक्यता शब्दातच उरलेली नाही.

तिसरी शक्यता आहे काय, हे पाहण्यासाठी आम्ही थोडे आमच्या विषयाबाहेर वाचले. पहिला प्रचलित समज असा, की वाद्याच्या आवाजाने कुत्र्याचे कान दुखतात. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी उंच ध्वनी ऐकू येतात, हे खरेच आहे. माणसाची श्रवणमर्यादा साधारण २०,००० हर्ट्‌झपाशी संपते. कुत्र्याची ४५,००० च्या आसपास जाते. परंतु ज्याचा त्रास होतो त्यापासून प्राणी दूर पळतो. शेपूट पायांत घालून, कान पाडून कुत्रे पलंगाखाली दडत असेल तर वादकाने वाजवणे थांबवावे अथवा दार लावावे, याबद्दल दुमत नसावे. आमची कुत्री मात्र गच्चीवरून उठून खाली येते. दुखण्याच्या दिशेने कोणी चालत येत नाही.

दुसरे स्पष्टीकरण लांडग्यांकडे नेते. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, आणि लांडग्याचा लांब सूर हा कळपाचा परस्परांशी चाललेला संवाद असतो: मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात? एकाने सूर लावला की दुसरा लावतो. या सुराची मूळ कंपनसंख्या काहीशे हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, म्हणजे व्हायोलिन, पेटी, बासरी, सनई, झालेच तर रुग्णवाहिकेचा भोंगा, यांच्या नित्याच्या वावराच्या प्रदेशातच. सलग टिकणारा, हळूहळू चढणारा-उतरणारा सूर कुत्र्याच्या कानी पडतो तेव्हा त्याच्या रक्तातली ती जुनी हाक जागी होत असावी. २०२३ साली बुडापेस्टच्या विद्यापीठातील संशोधकांनी निरनिराळ्या जातींच्या ६८ पाळीव कुत्र्यांना लांडग्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे ऐकवली. वंशदृष्ट्या लांडग्याला जवळ असलेल्या प्राचीन जातींच्या कुत्र्यांनी, विशेषतः त्यांतल्या पाच वर्षांहून मोठ्या वयाच्या कुत्र्यांनी, तशाच लांब सुराने उत्तर देण्याचे प्रमाण अधिक दिसले. आधुनिक जातींची कुत्री बहुधा भुंकून मोकळी झाली. म्हणजे हे उत्तर सर्वांनाच येते असे नाही. काही घराण्यांत ते टिकले आहे, काहींत विरून गेले आहे.

सर्वांत रोचक वाटली ती आणखी एक गोष्ट. लांडग्यांच्या समूहगायनाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवले आहे की कळप एकत्र सूर लावतो तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याचा सूर टाळतो. एकाने जी उंची धरली असेल तिच्यापासून दुसरा सरकतो. त्यामुळे थोडे लांडगेही पुष्कळ असल्यासारखे भासत असावेत, असा एक तर्क आहे. तर्क काहीही असो, त्यातून आमच्या घरच्या 'बेसुरेपणा'चा अर्थ मुळापासून बदलला. आमची कुत्री षड्जावर येत नाही, शेजारी कुठेतरी थांबते, याचे आम्हाला हसू येत होते. कदाचित तिच्या शास्त्रात दुसऱ्याच्या स्वरावर जाऊन बसणे हाच दोष असेल.

हे वाचल्यावर आम्ही आमच्या परंपरेकडे वळलो आणि जरा ओशाळलो. नारदीय शिक्षेत सात स्वरांना सात प्राणी-पक्षी नेमून दिलेले आहेत. षड्ज मोराचा, ऋषभ बैलाचा, गांधार बकऱ्याचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत घोड्याचा, निषाद हत्तीचा. माणसाच्या दाराशी हजारो वर्षे बसलेल्या, आणि सुराला प्रत्यक्ष उत्तर देणाऱ्या कुत्र्याला या यादीत जागा नाही. पंचतंत्रातल्या गाढवाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या गाढवाला स्वर, ग्राम, मूर्च्छना सगळे तोंडपाठ आहे. काकड्यांच्या शेतात चांदण्या रात्री ते गाते आणि मार खाते. आपण ती गोष्ट औचित्याचा धडा म्हणून शिकवतो. शेताची राखण करणाऱ्याच्या बाजूने शिकवतो, हे आमच्या आजवर लक्षात आले नव्हते.

उलट बाजूही आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही महाराष्ट्राच्या मनातली अतिशय जिव्हाळ्याची कथा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे नाव मिरजेशी जोडलेले आहे. त्यांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात आवाज लावायला शिकवले होते, ही आठवण संगीताच्या वर्तुळात आजही कौतुकाने सांगितली जाते. एका थोर गवयाने कुत्र्याला शागिर्दाच्या जागी बसवून पाहावे, यातली माया आम्हाला कळते. तरी दोन्ही कथांत आपले कौतुक नेमके कशाला आहे, हे विचारायला हवे. रेडा आपले वेद म्हणतो, कुत्रा आपला सूर धरतो, म्हणून तो चमत्कार. जनावराने त्याचेच काही म्हटले, तर ते रडणे. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवत आणि देवापुढे भुंकत. आपल्या भाषेतून उतरून त्या प्राण्याच्या आवाजात शिरण्याचे धाडस करणारी माणसे याच मातीत झाली. ती गावकुसाच्या आतल्या शिष्ट वर्गातली नव्हती, हा योगायोग नसावा.

कुत्रा आणि संगीत म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे मात्र वेगळेच चित्र येते. काळ्या तबकडीच्या मध्यभागी कर्ण्यात कान घालून बसलेला तो पांढरा कुत्रा. त्याचे नाव निपर. फ्रान्सिस बॅरो या इंग्रज चित्रकाराने तो मूळ एका फोनोग्राफपुढे बसलेला रंगवला होता. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना त्या यंत्रावर रंग चढवून ग्रामोफोन काढून घेतला. चित्राचे नाव 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे धन्याचा आवाज. निपर तोंड मिटून बसला आहे, मान किंचित कलती. एका शतकाहून अधिक काळ हेच आदर्श श्रोत्याचे चित्र म्हणून घराघरांत राहिले. आवाज धन्याचा, कान कुत्र्याचे.

आणि आता जे सांगायचे आहे ते आमच्या स्वतःविषयीचे आहे. गेल्या वर्षी एका कवितेचे रसग्रहण लिहायला सांगितले असता एका विद्यार्थ्याने रसग्रहण लिहिलेच नाही. त्याने कवितेला उत्तर म्हणून आपल्या बोलीत बारा ओळी लिहून दिल्या. त्या मूळ कवितेच्या छंदात नव्हत्या. तिच्या शेजारून, जरा खालून जाणाऱ्या होत्या. आमच्यापैकी एकाने त्यावर 'विषयांतर' असा शेरा लिहिला आणि गुण कापले. विद्यार्थी भांडला नाही. पुढच्या चाचणीत त्याने मार्गदर्शिकेतले रसग्रहण जसेच्या तसे लिहिले आणि त्याला चांगले गुण मिळाले. आम्ही एका वर्षात एक निपर तयार केला.

'सहृदय' या शब्दावर आम्ही दरवर्षी चार तास खर्च करतो. रसिकाचे हृदय कवीच्या हृदयाशी समान होते, असे सांगतो. पण समान होणे म्हणजे गप्प बसणे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ आम्हीच रूढ केला आहे. वर्गात, परीक्षेत, मैफलीत, साहित्याच्या चर्चासत्रात उत्तर द्यायचे ते ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या शब्दांत. ज्याला राहवले नाही आणि ज्याने स्वतःच्या गळ्यातून जे आले ते लावले, त्याला हसायचे किंवा दार लावून घ्यायचे. कलेची पहिली खूण कोणती, तर ती समोरच्याला गप्प बसू देत नाही, असे आम्हाला आता वाटते. दाद हे त्या न राहवण्याचेच सभ्य रूप आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कुत्र्याला राग कळत नाही, त्याच्या आवाजाला 'प्रतिसाद' म्हणणे हेही माणसाने आपले मन त्याच्यावर लादणेच नव्हे काय? आहे. कुत्री मारवा आणि पुरिया यांत भेद करते, असा आमचा दावा नाही. आमच्या वादनात तिला काय ऐकू येते हे आम्हाला कधीच कळणार नाही. मात्र तीन वाचनांपैकी कोणते वाचन संहितेवर कमी जबरदस्ती करते, हे तर ठरवता येते. तिला दुखते आहे, हे वाचन तिच्या जवळ येण्याशी जुळत नाही. ती मरण पाहते आहे, हे वाचन तिच्याविषयी नसून आपल्याविषयी आहे. ती उत्तर देते आहे, हे वाचन निदान तिच्या पूर्वजांच्या व्यवहाराशी आणि गज थांबताच तिच्या थांबण्याशी सुसंगत आहे.

शब्दाचा शोधही संपला, असे म्हणायला हरकत नाही. तो शब्दकोशाच्या दूरच्या पानात नव्हता, रोजच्या तोंडात होता. आई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारते आणि खेळातले पोर लांबून 'ओ' म्हणते. मराठीत याला 'ओ देणे' म्हणतात. त्यात पोराने आईचेच शब्द परत म्हणावेत अशी अपेक्षा नसते, सुरात म्हणावे अशी तर नसतेच. मी ऐकले, मी आहे, एवढेच. आमची कुत्री ओ देते. गंमत अशी, की ती अक्षरशः तोच स्वर काढते.

ही सारी माहिती घेऊन वरच्या मजल्यावर जावे आणि त्या माउलीची समजूत घालावी, असे आम्हाला वाटले नाही. दुःखाला माहितीने दुरुस्त करता येत नाही. आम्ही फक्त वेळ बदलली. व्हायोलिन आता रविवारी सकाळी उन्हे वर आल्यावर पेटीबाहेर येते. दिवसाउजेडी तोच आवाज कोणाला अशुभ वाटत नाही, असा अनुभव आहे. परवा जिन्यात सूनबाई भेटल्या. "गेल्या रविवारी गप्प होती का हो ती?" एवढेच त्यांनी विचारले.

त्या बारा ओळींचा कागद मात्र आमच्याकडे नाही. तो विद्यार्थ्याला परत दिला होता, लाल शेऱ्यासह. तो आता अंतिम वर्षाला आहे. कागद त्याने ठेवला आहे काय, हे त्याला विचारायचे आम्ही ठरवले आहे आणि अजून विचारलेले नाही. तूर्तास वाचकांना एक विनंती. कुत्र्याच्या या आवाजासाठी आपल्या बोलीत, मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत, रडण्याव्यतिरिक्त एखादा शब्द असेल, तर तो आम्हाला हवा आहे.