थोड्या भांडवलात मासिकाची अक्षरे



घर, पोशाख, पाकसिद्धी, प्रवास, आरोग्य अशा विषयांना वाहिलेले एखादे नवे मासिक काढावे, असा विचार आपल्याकडील तरुण मंडळींच्या मनात अलीकडे वारंवार येतो. विचार स्तुत्यच आहे. अंदाजपत्रक मांडायला बसले की कागद, छपाई, छायाचित्रे आणि टपाल यांचे आकडे झटपट पुढे येतात. अक्षरांसाठी मात्र स्वतंत्र ओळ सहसा नसते. ‘ते छापखानेवाले पाहून घेतील’ असे म्हणून तो विषय संपतो. वास्तविक छायाचित्रावर वाचकाची नजर क्षणभर ठरते. लेख वाचताना ती सारा वेळ अक्षरांवरच असते. ते अक्षर बारीक वा गिचमिड असेल, तर घरातील वडीलधारी मंडळी दोन ओळींतच अंक बाजूला ठेवतात. मग पुढच्या वर्षाची वर्गणी भरताना ‘हे वाचतो कोण?’ असा प्रश्न निघतो. नव्या मासिकाच्या आयुष्याचा निर्णय पुष्कळदा याच प्रश्नावर होतो.

अक्षर ही भांडवलाची बाब आहे, हे जुन्या मुद्रकांना पक्के ठाऊक होते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी लहान वयात खिळे घासण्याच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढे देवनागरीचे असे सुबक खिळे पाडले की त्यांच्या ग्रंथांची कीर्ती देशभर पसरली. त्या काळी देवनागरीचा एक संच म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे. प्रत्येक आकारासाठी शिशाचा वेगळा साठा घ्यावा लागे आणि तो झिजला की पुन्हा ओतावा लागे. लोकमान्य टिळकांनीही या खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी परिश्रम घेतले, ते याच अडचणीपोटी. आज शिसे गेले, खिळे जुळवणारे जुळारी गेले. संगणकावरील फॉन्ट हीच आता अक्षरांची पेटी आहे, आणि त्यांतील कित्येक उत्तम फॉन्ट विनामूल्य मिळतात.

‘विनामूल्य’ या शब्दापाशी मात्र थोडे थांबावे. फॉन्ट कोणाच्या तरी संगणकावरून उतरवून घेता आला, म्हणजे तो आपला झाला असे नाही. तो काढणाऱ्या कलाकाराने महिनोन्‌महिने श्रम केलेले असतात, आणि वापराचा परवाना विकत घेणे हाच त्याचा मोबदला असतो. न दिलेली वस्तू घेऊ नये, हे आपल्या घरांत मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. तोच नियम येथेही लागू आहे. सुदैवाने मुक्त फॉन्ट परवान्याखाली दिलेली अक्षरे आहेत. या परवान्यानुसार फॉन्ट व्यावसायिक मासिकात छापता येतो, जाहिरातीत वापरता येतो, त्यासाठी शुल्क लागत नाही. फॉन्ट मात्र स्वतंत्र माल म्हणून विकता येत नाही, आणि त्यात बदल केल्यास नवा फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. फॉन्टबरोबर परवान्याचा मजकूर येतो. त्याची एक प्रत छापून मासिकाच्या फाइलीत लावून ठेवावी. पावतीवाचून माल पेढीवर ठेवू नये, तसेच हे आहे.

आता निवड. प्रथम मजकुराचे अक्षर ठरवावे, मथळ्याचे नंतर. मराठीच्या दृष्टीने पहिली कसोटी ‘ल’ आणि ‘श’ यांची. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी अक्षरांची प्रमाण रूपे दिलेली आहेत, आणि मराठी वाचकाची नजर पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांना सरावलेली आहे. अनेक फॉन्ट हिंदी वळणाची रूपे दाखवतात. काहींत मराठी रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला सांगितल्याखेरीज ती दिसत नाहीत. दुसरी कसोटी जोडाक्षरांची. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘राष्ट्रीय’, ‘उद्ध्वस्त’, ‘सूक्ष्म’, ‘सर्वांनी’, ‘ॲप’ एवढे शब्द छापून पाहावेत. रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढत असतील किंवा जोडाक्षर फुटून पाय मोडलेले दिसत असेल, तर तो फॉन्ट सोडून द्यावा. तिसरी कसोटी साम्याची. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ ही अक्षरे लहान आकारात सहज वेगळी ओळखू आली पाहिजेत. पाककृतीत प्रमाणाचे आकडे असतात, म्हणून अंकही त्याच काटेकोरपणे पाहावेत.

या कसोट्यांना उतरणारी एक सोपी जोडी सुचवितो. मजकुरासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्यावा. त्यात मराठी वळणाची रूपे मुळातच आहेत आणि पारंपरिक ग्रंथाक्षरांचा सौम्य भारदस्तपणा आहे. त्याला ठळक रूप नाही. ती उणीव ‘मुक्त’ हा फॉन्ट भरून काढतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेल्या ‘मुक्त’मध्ये अतिशय सडपातळ ते अतिशय ठळक अशी सात वजने आहेत, त्यामुळे मथळे, उपमथळे, चौकटी आणि छायाचित्रांखालील ओळी ही सारी कामे एका कुटुंबात भागतात. ज्या घरांत मराठीबरोबर गुजरातीही वाचली जाते, त्यांच्यासाठी त्याच कुटुंबातील ‘मुक्त वाणी’ आहे. गुजराती लिपीला शिरोरेघ नसल्याने दोन लिपी एका पानावर परक्या वाटण्याचा धोका असतो. एकाच हातची अक्षरे असली की तो पुष्कळ कमी होतो. मुलांच्या पानाला ‘बलू’ शोभेल. याहून अधिक फॉन्टांचा मोह टाळावा. एका अंकात सात-आठ निरनिराळी अक्षरे आली की मासिकाला स्वतःचा चेहरा राहत नाही.

फॉन्ट चांगला असूनही मांडणीत तो बिघडू शकतो. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक जागा लागते. अक्षर १२ पॉइंटचे असेल तर ओळींचे अंतर १७-१८ पॉइंट ठेवून पाहावे. चार पाने वाचविण्यासाठी अक्षर बारीक करणे म्हणजे गिऱ्हाईक घालवून भाडे वाचविणे होय. त्यापेक्षा एक लेख कमी घ्यावा. इनडिझाइनमध्ये वेलांटी भलत्या अक्षरामागे जात असेल, तर बहुधा फॉन्टचा दोष नसतो. परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा. आणि फॉन्ट युनिकोडचाच घ्यावा. लेखक आता भ्रमणध्वनीवरून युनिकोडमध्येच मजकूर पाठवितात. तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलताना अक्षरे गळतात आणि मुद्रितशोधकाचे काम दुप्पट होते. शिवाय जुने अंक पुढे शोधता येत नाहीत.

फॉन्टवर वाचलेली रक्कम कोठे खर्चावी, याचेही उत्तर आधीच ठरवून ठेवावे. पहिला खर्च चांगल्या मुद्रितशोधकाचा. सुंदर अक्षरात छापलेली चूक अधिक ठळक दिसते. दुसरा खर्च नमुना छपाईचा. पडद्यावर नाजूक वाटणारे अक्षर स्वस्त कागदावर शाई पसरून जाड होते, आणि रंगीत पार्श्वभूमीवरील पांढरे बारीक अक्षर बुजून जाते. म्हणून ज्या कागदावर अंक निघणार त्याच कागदावर दोन पाने छापून घ्यावीत. तिसरा खर्च मासिकाच्या नावाचा. मुखपृष्ठावरील ती चार-सहा अक्षरे एखाद्या जाणत्या सुलेखनकाराकडून काढून घ्यावीत. हा खर्च एकदाच होतो आणि त्याने मासिकाची ओळख वर्षानुवर्षे टिकते. त्या अक्षरांच्या वापराचा हक्क त्यांच्याकडून लेखी घ्यावा आणि अंकात त्यांचे नाव छापावे.

नमुन्याची दोन पाने हाती आली की ती प्रथम चित्रकाराला दाखवू नयेत. दिवेलागणीनंतर घरातील दिव्याच्या उजेडात ती आजीच्या हाती द्यावीत आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचावयास सांगावे. त्या न अडखळता वाचत गेल्या, तर अक्षर पक्के करावे. जेथे अडखळतील, तेथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी. पहिला अंक छापावयास जाण्यापूर्वी दुरुस्त करावयाची यादी तीच आहे.