गुडघा बदलायची तारीख घेण्याआधी

कसबा बावड्यात मी फिजिओथेरपी करते. भांगलणीला जाणाऱ्या बायका, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार, जुने पैलवान, सगळे एक्स-रेची पिशवी टेबलावर ठेवतात आणि सांगतात, "मॅडम, वाट्या झिजल्यात, बदलाय सांगितल्यात." नेमकं कोणतं ऑपरेशन, असं विचारलं की घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे की, हे कळल्याशिवाय तारीख घेऊ नका.

नुसता एक्स-रे बघून गुडघा बदलायचा नसतो. फिल्ममध्ये हाडाला हाड लागलेली आक्का लाईन बाजारातून चालत भाजी आणते आणि फिल्म बरी असलेली दुसरी रात्रभर कण्हते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. हा साधा व्यायाम, जोडीला वजन कमी करणं, एवढं काही महिने मनापासून केल्यावर पुष्कळांचं ऑपरेशन लांबतं. तरीही झोप मोडत असेल, चार पावलं टाकवत नसतील, तर मात्र घाबरून अंगावर काढू नये.

दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करून झिजेचं दुखणं जात नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला 180 रुग्णांवर हे तपासलं गेलं. काहींना नुसते वरवर छेद दिले होते आणि दोन वर्षांनीही त्यांच्यात व बाकीच्यांत फरक दिसला नाही. ही गोष्ट 2002 मधली, तरी हा सल्ला अजून मिळतो, याचा मला राग येतो.

वय कमी, पाय धनुकलीसारखा वाकलेला आणि झीज फक्त आतल्या बाजूला असेल, तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करता येतो. सांधा स्वतःचाच राहतो. शेतात राबणाऱ्याने हा पर्याय आवर्जून विचारावा. झीज एकाच बाजूची आणि लिगामेंट शाबूत असतील, तर अर्धाच सांधा बदलता येतो. पूर्ण बदललेले शंभरातले सुमारे 82 सांधे 25 वर्षं टिकतात, अर्धे बदललेले सुमारे 70. मात्र पूर्ण सांधा बदललेल्या पाचांतला एक जण समाधानी नसतो, आणि नव्या सांध्यावर उकिडवं बसून भांगलण करू नये, असं सांगतात. हे आधी कळलं नाही, तर घरी परतलेली बाई हबकते. रोबोने बसवलेला सांधा जास्त वर्षं टिकतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

दोन्ही गुडघे एकदम करायचे का, हेही हृदयाची तपासणी करूनच ठरवा. पंतप्रधान असताना वाजपेयींचा डावा गुडघा 2000 साली आणि उजवा 2001 मध्ये, असे वेगवेगळे बदलले होते.

आता पैशाचं. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. सरासरी दीड लाखावर छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा जीएसटी सोडून 54,720 रुपयांवर आला. बिलात सांध्याचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी लिहून मागा. आणि अनामत भरण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला गाठा. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, ते तिथंच विचारा.