कोल्हापूरची आजी चुकत नाही



गेल्या महिन्यात आमच्या कन्येची मराठीची वही घरी आली. 'माझा रविवार' या विषयावर तिने दहा ओळी लिहिल्या होत्या. "मी सकाळी उठलो. मग मी बाबांबरोबर दुकानात गेलो." 'उठलो' आणि 'गेलो' या दोन्ही शब्दांखाली लाल रेघ, आणि समासात 'तू मुलगी आहेस ना?' असा प्रश्न. प्रश्न प्रेमानेच विचारलेला होता, शेजारी एक हसरा चेहराही काढलेला होता. वर्गाच्या ताई दर रविवारी आपली सुट्टीची सकाळ मोडून, एक पैसा न घेता आपल्या मुलांना शिकवतात. त्यांच्याविषयी तक्रार करण्याची आमची इच्छा नाही आणि लायकीही नाही. पण त्या लाल रेघेनंतर आमच्या घरात जे घडले ते इथे मांडल्याशिवाय राहवत नाही.

कन्या हे मराठी शिकली तिच्या आजीकडून. आमची आई कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. तिकडच्या जुन्या पेठांतून आणि आसपासच्या खेड्यांतून बायका सर्रास "मी आलो", "मी जातो" असेच बोलतात. आई दोन वर्षांपूर्वी सहा महिने आमच्याकडे राहून गेली आणि नातीला आपली भाषा देऊन गेली. (यावरून कोल्हापुरात स्त्रीपुरुष समानता नांदते असा अर्थ कुणी काढू नये. आमच्या घरात पुरुषांची पंगत आधी उठायची आणि "मी मागनं जेवतो" म्हणणारी आई खरोखरच मागून जेवायची.)

तर वही घरी आली त्याच रात्री आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजी म्हणाली, "मी आत्ताच देवळातनं आलो बघ." कन्येने लगेच सांगितले, "आजी, तू चुकीचं बोलतेस. 'आले' म्हणायचं असतं. तू मुलगी आहेस ना?" आम्ही शेजारीच होतो. आई हसली. मग जरा गप्प झाली. आणि फोन ठेवताना म्हणाली, "बरं, आता मी जेवायला जाते."

'जाते.' सत्तरी ओलांडलेल्या आईच्या तोंडून हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर ती नातीशी बोलताना अडखळते, शब्द निवडून बोलते. पूर्वी अर्धा तास चालणारे बोलणे आता पाच मिनिटांत संपते.

ज्यांनी आमचे गाव पाहिलेले नाही त्यांना हे सारे क्षुल्लक वाटेल, म्हणून गावाविषयी थोडे सांगतो. कोल्हापूर म्हटले की लोक अंबाबाई, रंकाळा, चपला आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढे सांगून मोकळे होतात. या गोष्टी आहेतच. पण गावाचा स्वभाव कळायचा तर संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभे राहावे. म्हैस समोर उभी, तिची धार काढून फेसाळता ग्लास थेट तुमच्या हातात. दूध कुठले, कधीचे, असे विचारायची सोयच नाही, कारण ते कारखान्यासकट समोर उभे असते! बोलणेही तसेच. मधे काही मिसळायचे नाही. अपवाद मिसळीचा, आणि तीही आम्ही पावाऐवजी स्लाईस ब्रेडशी खातो. मुंबईकर त्याला हसतात. हसू देत.

गाव कुस्तीचे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. त्याच महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. म्हणजे तालीम आणि शाळा या दोन्ही गोष्टी आम्हाला एकाच माणसाने दिल्या. शाळेपेक्षा तालीम आम्ही जास्त मनावर घेतली, हा भाग वेगळा. इथे सॉकर खेळणाऱ्या बालमित्रांना एक गंमत सांगतो: क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात कोल्हापूर हे फुटबॉलचे वेड असलेले गाव आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे कुस्तीची वाटतात ना? हे फुटबॉलचे संघ आहेत! विश्वचषक आला की पेठांतून मेस्सी आणि रोनाल्डोचे भलेमोठे फलक उभे राहतात. पेठेपेठेतली चुरस कधी कधी हातघाईवर येते, तेही लपवण्यात अर्थ नाही. आणि 'जगात भारी' हे विशेषण आम्ही कशालाही लावतो, अगदी वडापावालाही.

हट्टीपणाचे म्हणाल, तर शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा गावाने तो द्यायचे साफ नाकारले. मोर्चे निघाले, म्हातारेकोतारे रस्त्यावर बसले, आणि अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल रद्द झाल्याचे जाहीर केले.

आता या गावाची माया कशी असते ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, पुण्याकडचा महामार्गसुद्धा बंद पडला. आमची एक मावशी वरच्या मजल्यावर अडकली होती. दोन दिवसांनी तिचा फोन लागला. आम्ही घाबरून विचारतोय, पाणी किती, वीज आहे का, आणि ती म्हणते, "पाणी व्हय, जिन्यापतूर आलंय. ते ऱ्हाऊंदे. तू जेवलास काय?"

हे वाक्य प्रमाण मराठीत लिहून बघा. 'पाणी जिन्यापर्यंत आले आहे, ते राहू दे, तू जेवलास का?' अर्थ सगळा आला, मावशी मात्र गेली. तसाच आमचा 'की'. "बसा ना" ही विनंती आहे. "बसा की" म्हणजे तुम्ही बसणारच, प्रश्न फक्त चहा आधी की भडंग आधी एवढाच. माळवं, कोरड्यास, वाईच, हितं, लई हे शब्द काढले तर आमच्या गावातून उरते ते एक सहलीचे माहितीपत्रक.

या बाबतीत आम्ही स्वतः धुतल्या तांदळासारखे नाही, हेही कबूल करतो. इंजिनिअरिंगला पुण्यात वसतिगृहावर गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या "काय करायलाईस?"ची खोलीभर नक्कल झाली. (पुण्याने आमचे बरेच काही नेले आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली, त्याचे दुःख आमचे आजोबा शेवटपर्यंत करत.) दिवाळीपर्यंत आम्ही 'की' टाकून दिला. सुट्टीला घरी गेलो तर आई मावशीला कौतुकाने सांगत होती, "पोरगं बघ कसं शुद्ध बोलायलंय." तेव्हा आम्हाला अभिमान वाटला होता. आता तो आठवला की कसेसेच होते.

आमची सौ. नाशिकची. तिचे म्हणणे असे की मुलीला अजून 'ळ' नीट म्हणता येत नाही, तिच्यावर दोन-दोन मराठींचे ओझे कशाला? आधी एक धड येऊ दे. शिवाय वर्गात नागपूरची, मालवणची, सोलापूरची मुले आहेत. प्रत्येकाची बोली ताईंनी कुठे शिकायची? मुद्दा बिनतोड आहे. आमचा धंदा सॉफ्टवेअरचा, प्रमाण ठरवल्याशिवाय दोन यंत्रे एकमेकांशी बोलू शकत नाहीत हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण प्रमाण हे ठरवलेले असते, ते म्हणजे 'बरोबर' आणि बाकीचे सगळे 'चूक' असे नसते. आणि ओझ्याचे म्हणाल तर हीच मुले शाळेत एक इंग्रजी बोलतात आणि आमच्याशी दुसरे. त्यांना ते कुणी शिकवलेले नाही.

मागणी फार मोठी नाही. निबंधात 'गेले' असेच लिहायला शिकवावे, त्याला आमची ना नाही. पण मुलाने घरचा शब्द लिहिला तर लाल रेघेऐवजी हिरवी रेघ मारावी आणि समासात विचारावे, 'हे तुमच्याकडे कोण म्हणतं?' उत्तर बहुधा आजी किंवा आजोबा असेच येईल. या झेरॉक्स पत्रिकेचे अर्धे पान दर महिन्याला त्या शब्दांना द्यावे. वर्षभरात आपल्या या एका वर्गात किती गावे बसलेली आहेत ते तरी कळेल.

आम्ही आईला फोन करून हे सांगितले. शब्द सांगशील काय, म्हणून विचारले. ती आधी "मला काय येतंय त्यातलं" म्हणाली आणि मग वीस मिनिटे थांबलीच नाही. कन्या वही घेऊन शेजारी बसली होती. मधेच तिने विचारले, "आजी, मग तू 'आलो' म्हणणार की 'आले'?" आई म्हणाली, "तुझ्या बाईंच्या म्होरं आले, तुझ्या म्होरं आलो."

पुढच्या रविवारी ते पान आम्ही वर्गात घेऊन येतो. नागपूरकर, मालवणकर, सोलापूरकर मंडळींनी आपापले घेऊन यावे. शिव्या मात्र घरी ठेवाव्यात. आमच्या पानावरच्या चार आम्ही आताच खोडल्या आहेत.