सीओडी बसला, पण नळाचं काय?

नदीकाठ : साप्ताहिक सदर
नदीकाठकर

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाण्याचा विषय निघाला की गाडी सीईटीपीवर, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, येऊन थांबते. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) किती, पीएच बसतो का, ओढ्याला रंग कुठून आला? हे विचारायलाच हवं. पण कॉलऱ्याचा जंतू यातल्या एकाही आकड्यात सापडत नाही.

रॉबर्ट कॉख यांना १८८४ साली कलकत्त्यात हा जंतू रुग्णांच्या आतड्यात सापडला, तसाच एका तलावाच्या पाण्यातही. तरी पुढे कित्येक दशकं त्याचं खरं घर माणसाचं पोटच, असं धरून चाललं. अमेरिकेच्या रिटा कोलवेल यांनी ते खोडून काढलं. खाडीच्या मचूळ पाण्यात हा जंतू मूळचाच राहतो. कोपेपॉड नावाच्या इवल्या जिवांना चिकटतो, त्यांच्या कवचातलं कायटिन खातो. दिवस वाईट आले की निपचित पडतो. जिवंत असतो, पण प्रयोगशाळेच्या थाळीत वाढत नाही. म्हणजे अहवाल ‘निरंक’ आणि जंतू हजर! त्याचं विषही उसनं: विषाची जनुकं एका विषाणूने त्याच्यात आणून घातली, हे १९९६ साली उघड झालं. त्यामुळे पाण्यातला असा प्रत्येक जंतू माणसाला आडवा करतोच असं नाही.

बांगलादेशात मतलब भागातल्या बायकांनी जुन्या साडीच्या घड्या घालून पाणी गाळलं, तर कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. कोलवेल यांच्या चमूने हे २००३ साली मांडलं. कळशीच्या तोंडाला फडकं बांधणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. मात्र फडक्यात कोपेपॉड अडकतो, सुटा जंतू आरपार जातो.

दूधगंगा किंवा पंचगंगा म्हणजे खाडी नव्हे. इथली भीती मैल्याची. गटारालगतची पाइप फुटलेली असते, पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी, कोयलारीत लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले आणि कॉलऱ्याने माणसं दगावली. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली. जंतू वेगळा, वाट तीच. त्याच इचलकरंजीला आता सुळकूडहून दूधगंगेचं पाणी हवं आहे आणि कागलकरांचा त्याला विरोध आहे. भांडण सगळं पाणी किती, यावर. कसं, यावर कुणी आवाज चढवत नाही.

कॉलऱ्याच्या जंतूला मारायला क्लोरिन पुरतं. ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीत ते साधारण ३३ टक्के असतं. पोतं उघडं, ओलसर खोलीत पडलं तर उडून जातं. मग पावडर पडते, हजेरी लागते, पाणी तसंच. म्हणून ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरिन आहे. घरातल्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम उरलं पाहिजे. चाचणी टाकीखाली नव्हे, शेवटच्या नळावर हवी. पण सोयीचा नळ टाकीजवळचाच!

कागलमध्ये हा शेवटचा नळ कुठे आहे? कारखाने एमआयडीसीच्या हद्दीत; कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आसपासच्या गावांत, म्हणजे ग्रामपंचायतीकडे. दिवसा एक पाणी, रात्री दुसरं. सीईटीपीच्या आकड्यांशेजारी दोन्हीकडच्या शेवटच्या नळाचं क्लोरिन रोज फळ्यावर लागावं. वही आणि ओटीची बाटली मिळेल; हद्दीच्या दोन्ही बाजूंना हे काम कुणाच्या अंगावर, ते पावसाळ्याआधी ठरायला हवं.